थोरला, मधला, धाकटा: टीव्ही रेकॉर्डरसोबतचे १४ महिने

‘डीव्हीआर (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर) दाखवा’ म्हटल्यावर चिपळूणच्या दुकानदाराने चार कॅमेऱ्यांचा सीसीटीव्ही सेट काउंटरवर मांडला. त्याची चूक नाही, आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ आता तोच उरलाय. टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचेत म्हणून सांगितलं तर म्हणाला, “आता कोण रेकॉर्ड करतं दादा? सगळं मोबाईलवर असतंय.”

असतं, कबूल. पण आईला मोबाईलवर मालिका दिसत नाही, चष्मा लावून ऐकू येते फक्त. आणि पावसाळ्यात आमच्या वाडीतलं नेट पाहुण्यासारखं येतं-जातं. २००८ मध्ये टाटा स्कायने हार्डडिस्कवाला ‘प्लस’ बॉक्स आणला तेव्हा मला त्याचं भारी अप्रूप होतं, पण खिसा नव्हता. ती हौसही राहिली होतीच. मग गेल्या एप्रिलपासून एकेक करत तीन बॉक्स घरात आले. कंपन्यांची नावं घेत नाही. घरात आम्ही त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणतो.

थोरला म्हणजे डीटीएचचा एचडी रेकॉर्डर, पोटात ५०० जीबीची डिस्क. विकत घेतला तो जुनाच, एका डीलरकडे पडून होता. मधला दुसऱ्या कंपनीचा साधा एचडी बॉक्स, मागे यूएसबी. आपली डिस्क लावा, रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे भरा. धाकटा दिवाळीत आला. डीडी फ्री डिशचा स्थानिक बनावटीचा बॉक्स, त्यालाही यूएसबी आणि महिन्याचा खर्च शून्य.

घेताना मी जीबी बघत बसलो, तिथेच चुकलो. एचडी चॅनेलला तासाला साधारण साडेतीन जीबी धरा, म्हणजे ५०० जीबीत १४० तासांच्या आसपास बसतात. एवढं बघायला घरात माणसं कुठायत? बघायचा असतो तो ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग. तो एक असेल तर एका वेळी एकच रेकॉर्डिंग. आईची एक मालिका आठची, दुसरी साडेआठची, चॅनेल वेगवेगळे. कागदावर एका ट्यूनरचं काम. पण मालिका कधी वेळेवर संपली आहे? म्हणून रेकॉर्डिंगला आधी दोन आणि नंतर पाच मिनिटांची झालर लावावी लागते. झालर लावली की आठची मालिका ८.३५ पर्यंत चालते आणि साडेआठची ८.२८ ला सुरू होते. त्या सात मिनिटांसाठी दुसरा ट्यूनर हवाच. झालर काढली तर नेमकं शेवटचं वाक्य कापलं जातं, ज्याच्यासाठी आईने अख्खा भाग बघितलेला असतो. थोरल्याला दोन ट्यूनर आहेत, तिथे हे भांडण नाही. मात्र दोन ट्यूनर म्हणजे छत्रीपासून दोन केबल आणि दोन तोंडांचा एलएनबी, म्हणजे छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा. एका केबलवर आडव्या किंवा उभ्या लहरींपैकी एकच गट एका वेळी खाली येतो. बॉक्स वर १८ व्होल्ट पाठवतो की १३, त्यावर ते ठरतं. बसवायला आलेला मुलगा एकच केबल ओढून निघाला होता. त्याला परत पत्र्यावर चढवला.

थोरल्याची खरी मजा रेकॉर्डिंग जपण्यात नाही, उशिरा बसण्यात आहे. टीव्हीवर तासाला जाहिरातींना १२ मिनिटांची मर्यादा नियमात आहे, म्हणजे अर्ध्या तासात सहाएक मिनिटं. आई आता आठला पोळ्या लाटते, ८.०५ ला बसते, रेकॉर्डिंग चालू असतानाच सुरुवातीपासून लावते आणि जाहिराती पळवत बरोबर साडेआठला गाडी गाठते. हे तिला कोणी शिकवलं नाही. रिमोटवरचा उजवा दुहेरी बाण एवढा झिजलाय की नवा रिमोट मागवावा लागला.

तक्रारीही आहेत. डिस्क दिवसरात्र फिरते. रात्री सगळं शांत झालं की डब्यात भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. बॉक्स एवढा तापतो की मांजराने वर कायमची जागा केली होती, ती हाकलावी लागली. पॅक संपला की जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही, भरलेल्या घराला बाहेरून कुलूप. आणि वीज जाऊन आली की उठायला चार-पाच मिनिटं घेतो. आता इन्व्हर्टरवर टाकलाय.

मधल्याबद्दल फार लिहीत नाही. ट्यूनर एकच. डिस्क आपण आणायची, पण तिच्यावरचं रेकॉर्डिंग कुलूपबंद, त्याच बॉक्सवर चालणार. शिवाय बॉक्सच्या यूएसबीतून माझ्या पोर्टेबल डिस्कला वीज पुरेना. ती टकटक करायची आणि मध्येच गप्प व्हायची. वेगळ्या अडॅप्टरचा हब घेतला तेव्हा चालली. थोरल्या-धाकट्याचे अवगुण तेवढे उचलले. तीन महिन्यांत बंद केला.

धाकट्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. छत्री लावताना आधी शेजाऱ्यांचा फणस आडवा आला. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आमच्याकडून आग्नेयेला. फणस तिथेच. त्यांच्या परवानगीने दोन फांद्या छाटल्या. चॅनेल मोजके, पण सह्याद्री आहे, आईला तेवढं पुरतं. ट्यूनर एकच, तरी एक गंमत सापडली. एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे, म्हणजे उपग्रहावरच्या एकाच प्रक्षेपकावरचे चॅनेल एकत्रच खाली येत असल्याने, एक रेकॉर्ड होताना त्याच गटातला दुसरा बघता येतो, गटाबाहेरचा लावला की बॉक्स नकार देतो. कोणाची कोणाशी जोडी जमते हे आईने दुपारभर बटणं दाबून शोधलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहून भिंतीवर लावलं. पत्रिका जुळवल्यासारखी यादी आहे ती.

याचा टायमर मात्र बेभरवशाचा. वीज गेली की घड्याळ हरवतं, मग रेकॉर्डिंग आपलं आपण सुरू करायचं. पेन ड्राइव्ह स्वस्तातला घेतला तर चित्र अडखळतं. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीला फाइल तुटून पुढचा तुकडा सुरू होतो. साधं चित्र तासाला सव्वा-दीड जीबी घेतं, त्यामुळे मालिकेला फरक पडत नाही, क्रिकेटला पडतो. पण ती फाइल कुलपाशिवायची असते. पेन ड्राइव्ह काढा, लॅपटॉपला लावा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये चालते.

याची किंमत मला ऑक्टोबरमध्ये कळली, म्हणजे धाकटा यायच्या महिनाभर आधी. परतीच्या पावसात वीज कडाडली आणि थोरला गेला. केबलमधूनच झटका आला असावा. आत होती आमच्या नानांची, म्हणजे चुलत्यांची मुलाखत. शेतीच्या कार्यक्रमात हापूसच्या कलमांवर पाच मिनिटं बोलले होते आणि त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा शर्ट खोचला होता. डीलरने त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स दिला. जुनी डिस्क काढून त्यात बसवली, तर पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायची का? डिस्क ठणठणीत होती. रेकॉर्डिंगचं कुलूप उघडायची किल्ली जळालेल्या बॉक्सबरोबर गेली. नाना म्हणाले, “जाऊ दे, त्यात मी चुकीचंच खत सांगितलं होतं.”

सध्या हॉलमध्ये नव्या डिस्कसह थोरला आहे, रोजचं बघून पुसायला. आईच्या खोलीत धाकटा, ठेवायचं असेल त्यासाठी. नवीन घेणाऱ्याने ट्यूनर किती आणि फाइल बाहेर निघते का, हे दोन प्रश्न दुकानातच विचारावेत, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत बॉक्सपाशी येणारी केबल काढायची सवय लावावी. माझा बदली आलेला थोरला केवळ त्या सवयीवर जगलाय.

नानांची डिस्क कपाटात आहे, फडक्यात गुंडाळलेली. अधूनमधून लॅपटॉपला लावून बघतो. तोही तेच विचारतो, फॉरमॅट करू का? मी ‘नाही’ दाबतो आणि परत गुंडाळून ठेवतो.