आईच्या ओव्यांच्या कॅसेटपायी ४९,६९८ रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

आई जात्यावर ओव्या म्हणायची, त्या मामाने १९९१ ला टेप करून ठेवल्या होत्या. तीन कॅसेट, आता टेप चिकटायला लागलीय म्हणून म्हटलं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून एमपीथ्री करू आणि भावंडांना पाठवू. आवाज रेकॉर्ड करायच्या ऑडॅसिटी सॉफ्टवेअरचं नाव ऐकलेलं, गुगलवर टाकलं आणि सगळ्यात वरची लिंक दाबली. ती जाहिरात होती. १,४९९ रुपये कार्डाने भरले. ऑडॅसिटी पहिल्यापासून फुकट आहे हे मला कोण सांगणार होतं? हेल्पमध्ये अबाउट उघडलं की तिथंच 'फ्री, ओपन सोर्स' लिहिलेलं दिसतं, ते मी सगळं झाल्यावर वाचलं.

दिलं तेही जुनं व्हर्जन. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर जोडून रेकॉर्डिंग छान झालं, पण एमपीथ्री एक्स्पोर्ट करताना लेम नावाची, एमपीथ्री बनवायला लागणारी फाइल मागायला लागलं. २०१९ पासूनच्या व्हर्जनमध्ये ती आतच असते, वेगळं काही लागत नाही. साइटवरच्या नंबरला फोन केला तर म्हणे, मॅडम, एमपीथ्रीचं लायसन्स वेगळं, ८९९ रुपये. भरले. तरी होईना. मग म्हणाला, मोबाइलवर एनीडेस्क (आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप) टाका, मी बघून देतो.

इथंच ओळखायला हवं होतं. बिघाड कॉम्प्युटरमध्ये आणि ॲप मोबाइलवर कशाला? मनात आलंही होतं, पण तो इतका अदबीने बोलत होता, आईचा आवाज ऐकून 'किती गोड गातात' म्हणाला, आणि मी त्या ॲपवर आलेला नऊ आकडी नंबर वाचून दाखवला. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही, आईशप्पथ. त्याने तो माझ्याच स्क्रीनवर वाचला. आधी २४,८००, दोन मिनिटांत २२,५००. मोबाइलवर स्क्रीन दाखवणारं ॲप कुणी टाकायला सांगितलं की फोन ठेवा, सरळ ठेवा.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर तिसऱ्यांदा लागला. बँकेत म्हणाले ॲप तुम्हीच टाकलंत, आमची जबाबदारी नाही. पोलीस स्टेशनला गेले तर सायबरला जा, सायबरला गेले तर तुमच्या हद्दीतलं स्टेशन बघतं, परत आले तर हवालदार सगळ्यांसमोर विचारतो, फुकट मिळतं ते विकत कशाला घेतलंत? अहो मी चोर आहे का? कार्ड ब्लॉक करायला बँकेच्या हेल्पलाइनवर ११ मिनिटं गाणं ऐकत बसले, तेवढ्यात पैसे पुढे गेले असतील तर कोण भरून देणार? कार्ड ॲपमधूनच ब्लॉक करायला शिकून ठेवा, आजच.

फाइल नुसती एमपीथ्रीत बदलायची असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्येही होते, तेही फुकट. भाच्याने साधं ऑडॅसिटी टाकून दिलं, दोन कॅसेट झाल्या. तक्रारीला २३ दिवस झालेत, कुणाचा फोन नाही.