जळगावच्या गोलाणी मार्केटचा कॉम्प्युटरवाला, वर्षभराचा अनुभव, चार स्टार

आमचं चोपडा तालुक्यात कृषी केंद्र आहे, खतं बियाणं औषधं, आणि निम्म्याहून जास्त धंदा उधारीवर, जूनमध्ये माल न्यायचा न कापूस विकला की पैसे द्यायचे, म्हणजे पाच-सहा महिने आमचा सगळा जीव टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, अडकलेला. मागच्या ऑगस्टमध्ये सकाळी कॉम्प्युटर लावला तर एकही फाइल उघडेना, प्रत्येक नावाला कसलंतरी शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी, फाइली परत हव्या तर बिटकॉइन पाठवा. दुकानातला पोऱ्या म्हणे काय व्हयनं भो, मी काय सांगू कप्पाळ.

बॅकअप होता हो! पण पेनड्राइव्हवर, आणि तो बाराही महिने कॉम्प्युटरलाच खोचलेला, मग तोही गेला. बाबांनी हट्टाने कच्ची वही चालू ठेवलेली म्हणून उधारी वाचली, त्या वहीवरून मी त्यांना किती बोललोय ते आठवलं की अजून लाज वाटते.

मग मित्राने या दुकानाचा नंबर दिला. मला वाटलं येईल, महागडा अँटिव्हायरस गळ्यात मारेल न जाईल. याने आधी राउटर बघितला. मला घरून टॅली बघता यावी म्हणून आधीच्या माणसाने रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं दार, सरळ इंटरनेटवर मोकळा सोडलेला, आणि पासवर्ड काय तर दुकानाचं नाव न 123. चोरांचे प्रोग्राम असे उघडे पोर्ट रात्रंदिवस हुडकत असतात आणि सापडला की पासवर्ड लावून लावून बघतात म्हणे. आम्ही शटर उघडं टाकूनच घरी जात होतो म्हणा ना.

पोर्ट बंद केला, बिलिंगवाल्याला ॲडमिन नसलेलं, म्हणजे सगळे अधिकार नसलेलं, वेगळं लॉगिन दिलं, जीमेलला टू-स्टेप लावलं, म्हणजे नुसत्या पासवर्डवर उघडत नाही. बॅकअपला दोन हार्डडिस्क, एक दुकानात, दुसरी घरी कपाटात, रोज अदलाबदल आणि कॉपी झाली की वायर काढायचीच. शिवाय आठवड्याला क्लाउडवर एक कॉपी. तीन महिन्यांनी परत आला आणि बॅकअपमधून टॅली दुसऱ्याच लॅपटॉपवर चालू करून दाखवली, मी एका शेतकऱ्याचं खातं काढायला लावलं, वहीशी पैशापैशाला जुळलं. बॅकअप घेतलाय म्हणणारे पुष्कळ भेटले, उघडून दाखवणारा हा पहिलाच.

पोरांनाही तासभर शिकवलं. गिऱ्हाईकाच्या नंबरवरून पीएम किसानच्या नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी, फाइल आली तरी दाबायची नाही, कारण त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो. माल देणाऱ्या कंपनीचं बँक खातं बदललंय असा मेल आला की आपल्याकडे असलेल्या जुन्याच नंबरवर फोन करून विचारायचं. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन, तो नंबर गल्ल्यावर चिकटवून गेला. घरच्या विंडोज 10 च्या पीसीवर बँकेचं काम करू नका म्हणाला, 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, संपलाय, पण नवा घ्याच असा आग्रह नाही केला.

एक स्टार कापला तो फोनसाठी. उचलत नाही, व्हॉट्सॲपवर "आलोच" टाकतो आणि त्याचं आलोच म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपार. वर्षाचे 7000 घेतो, हार्डडिस्क वेगळ्या, आणि जळगावहून यायचं भाडंही वेगळं लावतो जे आधी बोलला नव्हता, तेवढं ठरवतानाच विचारून घ्या.