डोंगरी कुरणाच्या नूतनीकरणासाठी ग्लायफोसेट : एक परीक्षण

डोंगरउतारावरचे निकस, राठ गवत काढून तिथे रायग्रास (चाऱ्याचे कसदार गवत) आणि पांढरे क्लोव्हर (शेंगवर्गीय चारा वनस्पती) आणायचे असेल, तर नांगर सहसा कामाचा नसतो, कारण दगडगोटे असतात, माती उथळ असते आणि मोकळी केलेली माती पहिल्या जोरदार पावसात उतारावरून वाहून जाते. अशा ठिकाणी नांगराची जागा ग्लायफोसेट हे तणनाशक कितपत घेऊ शकते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझ्या मते जुने गवत मारण्याचे काम हे तणनाशक चोख करते. नवे कुरण उभे राहणे मात्र फवारणीच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांवर अवलंबून असते.

1974 मध्ये बाजारात आलेले ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे, म्हणजे हिरव्या पानातून शिरून ते मुळांपर्यंत आणि जमिनीखालच्या खोडांपर्यंत पोहोचते. त्याआधीपासून वापरात असलेले पॅराक्वाट हे तणनाशक पाने झटपट करपवते, पण चिवट बहुवर्षायू गवते मुळापासून पुन्हा फुटतात. शिवाय ते थोडेसे पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. या कामासाठी पॅराक्वाटची शिफारस मी कधीही करणार नाही.

ग्लायफोसेटच्याही अटी आहेत. गवत जोमाने वाढत असताना, पुरेशी कोवळी पाने असतानाच ते चालते, म्हणून राठ गवत आधी चारून नवी फूट येऊ द्यावी. गढूळ पाण्यात कालवल्यास ते मातीच्या कणांना चिकटून निष्प्रभ होते. पाने पिवळी पडली म्हणजे काम झाले, असे मानू नये. एक ठोंब उपटून जमिनीखालचे खोड मोडून पाहावे. ते तपकिरी आणि मऊ झाले असेल तर गवत मेले. पांढरे आणि कडक असेल तर ते पुन्हा फुटणार.

खरी अडचण यानंतर सुरू होते. मेलेल्या गवताचा जाड थर तसाच राहिला, तर बी त्यातच अडकते, मातीला टेकत नाही आणि उगवून सुकते. क्लोव्हरच्या हजार बियांचे वजन एक ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे ते सेंटीमीटरभराहून खोल गेले तरी उगवण घटते. म्हणून थर खरवडून मातीचे तोंड उघडावे, बी फोकावे आणि मेंढ्या थोडा वेळ फिरवून ते खुरांनी दाबून घ्यावे. डोंगरी माती बहुधा आम्लधर्मी आणि स्फुरदाला (फॉस्फरसला) मोताद असते, सामू (pH) 5.5 च्या खाली असेल तर चुना दिल्याशिवाय क्लोव्हरवर खर्चच करू नये. जिथे क्लोव्हर पूर्वी कधी नव्हते, तिथे बियाण्याला योग्य रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र स्थिर करणारे जिवाणू) चोळणे आवश्यक आहे. रोप जरा वाढल्यावर मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला, तर नत्र स्थिर होत आहे.

पेरणीनंतर रुंद पानांची तणे आली, तर तणनाशकाचे नाव अक्षर न अक्षर वाचावे. टू-फोर-डी क्लोव्हरला मारते किंवा जबर इजा करते, पण टू-फोर-डीबी ते बहुतांशी सहन करते. दुसरे औषध स्वतः फारसे विषारी नसते. तण आपल्याच शरीरात त्याचे टू-फोर-डी बनवते आणि मरते, तर क्लोव्हरमध्ये हे रूपांतर फार कमी होते. या सगळ्या पद्धतीतला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

ग्लायफोसेटला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकले, तर काही देशांच्या नियामकांचे मत वेगळे आहे. हा वाद लक्षात घेऊन हातमोजे आणि अंगभर कपडे घालावेत, वारा असताना फवारू नये आणि ओढ्याकाठची पट्टी पूर्ण सोडावी, कारण डोंगरावरचे सारे पाणी अखेर तिथेच उतरते.

पहिली चराई हलकी आणि थोडा वेळच असावी, तीही रोप हाताने ओढल्यावर उपटत नाही एवढी मुळे धरल्यावर. नत्रखत मात्र हात राखूनच द्यावे. त्याने रायग्रास माजते आणि त्याच्या सावलीत क्लोव्हर मागे पडते.