फाउंटनचा जुन्या पुस्तकांचा स्टॉल, शिक्षकांनी तर नक्की जा

चर्चगेटला उतरून हुतात्मा चौकाकडे चालत गेलं की फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लागतात, त्यातल्याच एका स्टॉलबद्दल लिहितेय. मी म्युनिसिपल शाळेत सातवीला शिकवते. काकांना म्हटलं मुलांना सांगण्यासारखी खऱ्या माणसाची गोष्ट हवीय, तर त्यांनी मागच्या थप्पीतून एक पातळ इंग्रजी पुस्तक काढलं आणि म्हणाले, "हे न्या मॅडम, हा पण मास्तरच होता."

अलेक्झांडर ट्वायलाइट. मी नावही ऐकलं नव्हतं. जन्म १७९५, अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. लहानपणीच शेजारच्या शेतावर कराराने बांधलेला, पण पैसे साठवून शेवटचं वर्ष स्वतःच सोडवून घेतलं आणि विसाव्या वर्षी शाळेत जाऊन बसला! मग १८२३ला मिडलबरी कॉलेजची डिग्री, अमेरिकेत कॉलेजची डिग्री मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय मानतात त्याला. पुढे ब्राउनिंग्टन गावात हेडमास्तर झाला, लांबून येणाऱ्या मुलांना राहायला जागा हवी म्हणून ग्रॅनाइटची चार मजली इमारत उभी केली, ती अजून उभी आहे, आता म्युझियम आहे तिथे.

आणि १८३६ला तो राज्याच्या विधानसभेत निवडून गेला, तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी संपायला जवळजवळ तीस वर्षं बाकी होती. राज्याच्या कुठल्याही विधिमंडळात निवडून गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय समजला जातो. गेला कशासाठी, तर जिल्ह्यातला शाळेचा निधी दुसऱ्या शाळेबरोबर वाटला जाऊ नये म्हणून. एकच टर्म राहिला, पण हे वाचून मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले, कारण आपल्या विधान परिषदेत शिक्षकांच्या ७ जागा आहेत आणि स्टाफरूममध्ये आम्ही त्यांच्याबद्दल फक्त निवडणूक आली की बोलतो.

वर्गात सांगितलं तेव्हा मुलं एकदम गप्प. जोतीरावांनी १८७३ला आपलं 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं, हे त्यांना आधीच शिकवलं होतं, त्यामुळे अमेरिका लांबची वाटलीच नाही. शाळेची इमारत कशी बांधली हाच प्रश्न सगळ्यात जास्त आला.

आता स्टॉलचं. भाव ठरलेला नसतो, मला २०० सांगितले, १५०ला दिलं, यूपीआय चालतं. पाने नीट बघून घ्या, माझ्या पुस्तकाची शेवटची चार पाने ओलीने चिकटलेली होती, घरी जाऊन हलक्या हाताने सोडवावी लागली. पावसाळ्यात प्लास्टिक टाकलेलं असतं मग धड काही दिसत नाही, तेव्हा ऊन असताना दुपारी जा, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उभं राहायलाही जागा नसते. काय हवंय ते मात्र काकांना तोंडाने सांगा, त्यांना कुठल्या थप्पीत काय आहे ते पाठ आहे. गेल्या शनिवारी परत गेले तर माझ्यासाठी आणखी दोन पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती.