सायलेन्सर बदललेल्या ६५०साठी ट्यूनर: फ्युएलएक्स, पॉवरट्रॉनिक की ईसीयू रिमॅप?

रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टरला किंवा कॉन्टिनेन्टल जीटी ६५०ला बाहेरचे सायलेन्सर बसवले की पुढचा खर्च ट्यूनरचा (इंजिनाला मिळणारे पेट्रोल नव्याने जुळवून देणाऱ्या उपकरणाचा), असे बहुतेक जण धरूनच चालतात; तो खर्च दर वेळी करावा लागतोच असे नाही. केवळ मागचे दोन सायलेन्सर बदलले असतील आणि बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचे) व एअर फिल्टर कंपनीचेच असतील, तर ६४८ सीसीच्या या इंजिनाचा मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) तेवढा फरक बहुधा सांभाळून घेतो. गाडी एकसारख्या वेगाने चालत असताना बेंड पाइपांवरचे ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजत असतात आणि त्यानुसार पेट्रोल कमीजास्त करून ईसीयू हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १च्या आसपास ठेवतो. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात एवढ्याच कारणासाठी ट्यूनर घ्यायचा असेल, तर आधी सायलेन्सरच्या जोडावरचे गॅस्केट आणि क्लॅम्प तपासावेत, कारण जोडातल्या फटीतून आत शिरणाऱ्या हवेमुळेही न जळलेले पेट्रोल पाइपातच पेट घेते.

बेंड पाइपही बदलला आणि त्यासोबत मोकळा एअर फिल्टर लावला, म्हणजे प्रश्न वेगळा होतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ईसीयू सेन्सरकडे लक्ष न देता आधीच साठवलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो, आणि तो तक्ता कंपनीच्या फिल्टर-पाइपांसाठी बनवलेला असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पिकअपमध्ये अडखळणे आणि इंजिन जास्त तापणे ही त्याची लक्षणे होत. (असा बदल, गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो, आणि जप्त सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवण्याची हौस आपल्याकडच्या पोलिसांना आहेच.)

फ्युएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक ही दोन्ही उपकरणे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचीच असल्याने ग्राहकांचा गोंधळ होतो, पण दोघांचे काम वेगळे आहे. फ्युएलएक्स ऑक्सिजन सेन्सरकडून ईसीयूकडे जाणाऱ्या संकेतात बदल करून मिश्रण थोडे गडद करते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवते. लाइट प्रकारात मॅप (पेट्रोल किती सोडायचे याचा तक्ता) चालकाने हाताने निवडायचा असतो, तर प्रो प्रकार स्वतःच जुळवून घेतो. मूळ कपलरमध्येच जोडता येत असल्याने वायर कापावी लागत नाही, आणि काढले की गाडी पूर्ववत होते. मायलेज थोडे घटते, इग्निशनला (ठिणगी पडण्याच्या वेळेला) मात्र ते हात लावत नाही. रोजच्या वापरात आणि अधूनमधून घाट चढणाऱ्या गाडीला, माझ्या मते, एवढे पुरेसे आहे.

पॉवरट्रॉनिक पेट्रोलबरोबर इग्निशन टायमिंगही बदलते आणि स्विचने दोन मॅपमध्ये अदलाबदल करू देते. त्याचा खरा लाभ मात्र डायनोवर (गाडी रोलरवर चालवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आपल्याच गाडीसाठी मॅप बनवून घेतला तरच मिळतो. दुसऱ्याच्या गाडीचा मॅप उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणे. जवळपास डायनो नसेल, तर या जादा पैशांना अर्थ उरत नाही. अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर हाही मुळात इंजेक्टरच्या वाटेवर बसून पेट्रोल कमीजास्त करणारा, म्हणून त्याचीही अडचण हीच. त्यात आयात मालाची किंमत वेगळी.

ईसीयू रिमॅपमध्ये वेगळी पेटी बसवावी लागत नाही, कारण मूळ तक्ताच बदलला जातो, आणि म्हणूनच काम सर्वांत नेटके होऊ शकते. पण ते करणाऱ्याचा हात कसा आहे यावर सगळे अवलंबून असते. शिवाय सर्व्हिस सेंटरने पुढे कधी नवे सॉफ्टवेअर टाकले, तर केलेला बदल पुसला जाऊ शकतो. वॉरंटी शिल्लक असताना या वाटेला जाऊ नये, आणि जायचेच असेल तर पैसे देण्याआधी मूळ तक्त्याच्या फाइलची प्रत आपल्या ताब्यात घ्यावी. ती देण्यास जो कारागीर काकू करतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये.