ऑटिझम असलेल्या मुलाशी संवाद साधायला पालकांनी कसं शिकायचं: व्हिडिओतून की पालकांच्या गटात?

टोरांटोच्या हॅनेन सेंटरच्या ‘मोअर दॅन वर्ड्स’ या पालक-प्रशिक्षणात आठ गटसत्रं आणि तीनदा घरच्या खेळाचं चित्रीकरण. सोबतीला इतर पालक, पण तुमच्या मुलाच्या वाट्याला वेळ थोडा.

ब्रिटनच्या ‘पॅक्ट’ या पद्धतीत दर सत्राला खेळाचं छोटं चित्रीकरण आणि थेरपिस्टसोबत ते थांबवत-थांबवत पाहणं. मूल गाडीचं चाक फिरवतंय, आई विचारते, “रंग कोणता?” मूल पाठ फिरवतं. पुन्हा पाहताना कळतं, वाट पाहून “गोल गोल” एवढंच म्हणायला हवं होतं. घरी रोज अर्धा तास सराव. तो परीक्षेसारखा झाला की बिघडतो.

गोव्यात याच पद्धतीचं ‘पास’ हे रूप बिगर-तज्ज्ञ कार्यकर्त्यांनी बारा सत्रांत राबवलं. निष्कर्ष 2016 मध्ये आले: पालकांशी संवाद सुरू करण्यात मुलांचा पुढाकार वाढला. मूल अजून शब्दांपर्यंत पोचलं नसेल, तर आमची पसंती व्हिडिओला.