जीआरईचे शब्द: यादी पाठ करावी, कार्डं फिरवावीत, धातू शिकावेत की नुसतं वाचावं?

जीआरईची (परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेची) तयारी सुरू केली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हजारभर शब्दांची पीडीएफ पाठवतं. दुसरा म्हणतो ॲप घे, तिसरा सांगतो घोकंपट्टी सोड आणि वाचन वाढव. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. तुम्ही कोणाचं ऐकावं हे दोन गोष्टींवर ठरतं: परीक्षेला किती दिवस उरलेत आणि आजवर इंग्रजी किती वाचून झालंय. (जीमॅट, म्हणजे एमबीएसाठीची प्रवेश परीक्षा, देणार असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. तिथे शब्दसंग्रह असा वेगळा तपासत नाहीत.)

आधी परीक्षेचं बोलू. २०११ पर्यंत जीआरईत विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न असत. शब्द येत असेल तर गुण तुमचा, नसेल तर गेला. तीन-साडेतीन हजार शब्दांच्या जाडजूड याद्या त्या जमान्यातल्या. ऑगस्ट २०११ मध्ये ते प्रश्न बाद झाले आणि तेव्हापासून शब्द विचारतात तो वाक्यातूनच. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली: व्हर्बलचे (भाषा तपासणाऱ्या विभागाचे) दोन भाग, १२ आणि १५ प्रश्नांचे, मिळून ४१ मिनिटं. त्यातले साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात, म्हणजे थेट शब्दांवर बेतलेले उरतात तेरा-चौदाच्या आसपास. शिवाय ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएसने अधिकृत शब्दयादी काढलेलीच नाही. ‘हाय फ्रीक्वेन्सी’ म्हणून जे मिळतं ते क्लासवाल्यांनी आणि प्रकाशकांनी बांधलेले अंदाज आहेत.

प्रश्न कसा असतो ते बघा. समजा वाक्य असं आहे: ‘एरवी ताठ वागणारा तो, साहेब समोर आले की इतका ____ होई की सहकाऱ्यांनीच मान खाली घालावी.’ सहा पर्याय: ऑब्सीक्वियस, लॅकॉनिक, कँडिड, फॉनिंग, टॅसिटर्न, ऑस्टिअर. दोन निवडायचे, आणि दोन्ही बरोबर आले तरच गुण. यादी पाठ असलेल्याला लॅकॉनिक-टॅसिटर्न ही मितभाषींची जोडी लगेच दिसते आणि तो टिक करून पुढे जातो. पण ‘एरवी ताठ’ या दोन शब्दांनी दिशा आधीच दिलेली आहे: हवा आहे तो लाळघोटेपणा, म्हणजे ऑब्सीक्वियस आणि फॉनिंग. इथे सहाही शब्दांचे अर्थ येत असताना गुण जाऊ शकतो. कुठलीही पद्धत निवडताना हे वाक्य डोळ्यांसमोर ठेवा.

यादीचा फायदा एकच, पण मोठा: आपण कुठे आहोत ते तासाभरात कळतं. माहीत असलेले शब्द खोडत जा, उरलेले तुमचे. शिकण्यासाठी मात्र यादी वाईट. वर्णानुक्रमाने लावलेली असेल तर एबेट, ॲब्जुअर, ॲब्रोगेट हे एकाच रात्री पाठ होतात आणि आठवड्यात एकमेकांत मिसळून जातात. वर क्रमही पाठ होतो. यादीत नेमका कशाखाली तो शब्द होता हे आठवतं, म्हणून अर्थ आठवतो; वाक्यात तोच शब्द एकटा भेटला की पाटी कोरी.

कार्डांची, म्हणजे पुढे शब्द आणि मागे अर्थ असलेल्या फ्लॅशकार्डांची, गोष्ट वेगळी. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. अंतर वाढवत नेलेली उजळणी हा त्यावरचा उपाय, आणि अँकीसारखं ॲप तेवढंच करतं: आठवलेलं कार्ड लांबच्या तारखेला ढकलतं, विसरलेलं लगेच पुढे आणतं. महत्त्वाचं म्हणजे दर वेळी अर्थ डोक्यातून काढावा लागतो, नुसती नजर फिरवून भागत नाही. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत.

त्रास आहे तो उजळणीच्या ढिगाऱ्याचा. अँकीची मूळ सेटिंग रोज २० नवी कार्डं आणि उजळणीची कमाल २०० अशी आहे, आणि हे दहापटीचं नातं उगाच नाही. पहिला आठवडा मजेत जातो, मग जुनी कार्डं परत येऊ लागतात. मध्ये चार दिवस खाडा झाला की आकडा बघूनच ॲप बंद करावंसं वाटतं. नोकरी सांभाळून तयारी करत असाल तर रोज दहा नवी पुरेत. सुट्टीच्या दिवशी नवी कार्डं नकोत, पण उजळणी चुकवू नका.

तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) की स्वतःचा? तयार डेक वेळ वाचवतो, पण बहुतेकांत पुढे शब्द आणि मागे एक प्रतिशब्द एवढंच असतं. जीआरईचा आवडता सापळा तर साध्या शब्दांच्या दुसऱ्या अर्थाचा आहे. टेंपर म्हणजे राग हे सगळ्यांना येतं. क्रियापद म्हणून तोच शब्द ‘सौम्य करणं’ सांगतो. फ्लॅग म्हणजे गळून जाणं, क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, आर्टलेस म्हणजे निष्कपट. हे शब्द ‘कठीण शब्दां’च्या डेकमध्ये सहसा नसतात, कारण ते कठीण दिसत नाहीत. म्हणून माझं मत असं: पाया तयार डेकचा चालेल, पण सराव प्रश्नात जिथे अडलात त्या शब्दाचं कार्ड हाताने बनवा. पुढे अख्खं वाक्य गाळलेल्या जागेसह, मागे अर्थ, छटा (कौतुकाची की नापसंतीची) आणि एक जवळचा शब्द. वेळखाऊ आहे, पण टिकतात ती हीच कार्डं.

लॅटिन-ग्रीक धातूंचा मार्ग आपल्याला जवळचा वाटतो, कारण उपसर्ग आणि धातू शाळेपासून ओळखीचे. क्रेड म्हणजे विश्वास हे कळलं की क्रेड्युलस, इनक्रेड्युलस, क्रीडन्स एका दमात येतात. पण प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार यांत धातू एकच असून अर्थ कुठल्या कुठे जातात, तसंच तिथेही होतं. एनर्व्हेट ऐकून अंगात बळ आल्यासारखं वाटतं, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं. मेरिट्रिशसच्या अर्थाचा गुणवत्तेशी संबंध नाही, तो भडक दिखाऊपणा. पंचवीस-तीस धातू एका रविवारी बघून घ्या, आधार म्हणून वापरा. त्यांच्या भरवशावर परीक्षेला बसू नका.

वाचनाने शब्द हळू येतात. एखादा शब्द सहा लेखांत एकदा भेटतो आणि तोवर मागचा पुसट झालेला असतो. पण व्हर्बलचा उरलेला अर्धा पेपर उताऱ्यांचा आहे, तो कार्डांनी सुटत नाही. सायंटिफिक अमेरिकन किंवा द न्यू यॉर्करमधला एक लांब लेख रोज, शक्यतो आपल्या विषयाबाहेरचा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका, दोन-तीनच उचला.

सहा महिने हातात असतील आणि इंग्रजी वाचनाची सवय नसेल तर वाचन मुख्य आणि कार्डं थोडी. दोन-तीन महिने असतील तर कार्डं कणा, सोबत सराव प्रश्न. वाचनाची सवय आधीपासून असलेल्याने यादीतून चाळून उरलेल्या शब्दांचीच कार्डं करावीत, बाकी वेळ क्वांटला (गणिताच्या विभागाला) द्यावा. महिनाही उरला नसेल तर नवी यादी हातात घेऊच नका. ईटीएसच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेपच्या दोन मोफत चाचण्या आहेत. पहिली लगेच द्या, चुकलेल्या प्रश्नांतले सगळे पर्याय, म्हणजे बरोबर आणि चूक दोन्ही, कार्डांवर घ्या आणि दुसरी चाचणी परीक्षेच्या आठवडाभर आधीसाठी राखून ठेवा.